बंद व्यापारी इमारतीतील आग आणि आत वाट चुकणारे अग्निशमन जवान

दांडियाबाजारकर :

सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये 24 मे 2019 रोजी 22 विद्यार्थ्यांचा बळी गेला आणि राजकोटच्या गेम झोनला 25 मे 2024 रोजी लागलेल्या आगीत 27 माणसे गेली. दोन्ही वेळी आपल्या बडोद्यात फायर एनओसी (अग्निसुरक्षेचे ना-हरकत प्रमाणपत्र), बंद जिने आणि बेकायदा पोटमाळे यांवर बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र बाजूलाच राहतो, आणि तो म्हणजे सर्व जण बाहेर पळत असताना जो जवान आत शिरतो, तो परत कसा येतो. त्यासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आत शिरलेला जवान ज्वाळांत सापडतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मोठ्या, बंदिस्त व्यापारी इमारतींत अनेकदा वेगळेच घडते. धूर छताकडून खाली उतरतो, दिसेनासे होते, हातातली होज (पाण्याची नळी) सुटते, आपण कुठल्या बाजूने आलो हे कळेनासे होते आणि शोधाशोधीत पाठीवरच्या सिलिंडरमधील हवा संपते. दार त्या वेळी काही पावलांवरच असू शकते.

याची सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली दोन उदाहरणे अमेरिकेतील आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात 3 डिसेंबर 1999 रोजी एका बंद पडलेल्या सहा मजली शीतगृहाला आग लागली. भिंतींना आतून उष्णतारोधक थर आणि खिडक्या जवळपास नाहीतच, अशी ती इमारत होती. तिथे आसरा घेतलेली दोन बेघर माणसे आत अडकली असतील म्हणून जवान शोध घेत वर गेले. ती दोघे आधीच निघून गेली होती. वर गेलेल्यांपैकी दोन जवान धुरात वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेलेही हरवले, आणि एकूण सहा जवान दगावले. शेवटी तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जिन्याच्या तोंडाशी उभे राहून आणखी कोणालाही वर जाऊ दिले नाही. आपलीच माणसे वर हाका मारत असताना हा निर्णय घेणे किती कठीण गेले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

दुसरी घटना साउथ कॅरोलिनातील चार्ल्स्टनची, 18 जून 2007 ची. सोफ्यांच्या मोठ्या दुकानाच्या मागे, माल उतरवण्याच्या जागेत आग लागली. जवान समोरच्या दारातून शोरूममध्ये शिरले तेव्हा आतली हवा बरीच स्वच्छ होती. पण छताखाली बसवलेल्या हलक्या छताच्या वरच्या पोकळीत जळण्याजोगे वायू साठत होते. पाहता पाहता धूर खाली आला, सोफ्यांच्या आणि कपाटांच्या रांगांत माणसे चुकली, आणि नऊ जवान परत आले नाहीत. आत अडकलेल्या एका कर्मचाऱ्याची सुटका मात्र बाहेरून भिंत फोडून करता आली.

आपल्या सयाजीगंज, अलकापुरी, रावपुरा या भागांतील व्यापारी संकुले डोळ्यांसमोर आणली, तर या दोन्ही इमारतींचे गुणधर्म तिथे जागोजागी आढळतात, असे माझे मत आहे. या क्षेत्रातील सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर :

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातून शिकून नंतर गुजरातेत नोकरी केली. आत प्रत्यक्ष काय होते, ते जमेल तसे सांगतो.

प्रथम हवेचा हिशेब. बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या श्वसनसंचाचा, सिलिंडर सहा लिटरचा आणि 300 बार दाबाचा असेल, तर त्यात साधारण 1800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर हा दर धरला तर ती 45 मिनिटे पुरते, आणि कागदावर तोच आकडा असतो. अंगात जाड गणवेश, हातात पाण्याने भरलेली होज, वर उष्णता आणि जिना चढून आलेला माणूस मिनिटाला 80 लिटरसुद्धा सहज ओढतो. मग 1800 लिटर 22 मिनिटांत संपतात. दाब साधारण 55 बारवर आला की इशाऱ्याची शिट्टी वाजते. त्या वेळी उरलेली हवा 330 लिटरच्या आसपास, म्हणजे त्याच दराने चार मिनिटांची असते. आत जायला ज्याला दहा मिनिटे लागली, त्याने परतीची सुरुवात शिट्टी वाजल्यावर केली, तर हिशेब कसा जुळणार? शिट्टी वाजेल तेव्हा जवान बाहेर पोहोचलेला असला पाहिजे, असे आम्ही नवीन मुलांना पुन्हा पुन्हा सांगत असू. वाट चुकलेल्या माणसाचा श्वास भीतीने आणखी वाढतो, त्यामुळे ती चार मिनिटेही चार राहत नाहीत.

आता दिसण्याविषयी. दाट काळ्या धुरात टॉर्चचा झोत हातभर पुढे जाऊन थांबतो. मास्कच्या काचेवर काजळीचा चिकट थर बसतो आणि हातमोज्याने पुसला तरी फराटे उरतात. हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पाहायचा तर तो काचेला जवळजवळ टेकवून त्यावर टॉर्च धरावी लागते. डोळे निकामी झाल्यावर उरतो तो स्पर्श, आणि तोही जाड हातमोज्यातून.

म्हणून शिकवण अशी असते की गुडघ्यांवर राहायचे, एक हात भिंतीला ठेवायचा आणि तो उचलायचा नाही. डाव्या हाताने भिंत धरून आत गेलात तर वळून उजव्या हाताने तीच भिंत धरत बाहेर यायचे. घरात हे जमते, कारण खोली लहान असते आणि चार भिंती लवकर हाताला लागतात. कापडाच्या मोठ्या दुकानात काय होते पाहा. जवान ज्याला भिंत समजून सरकत असतो, ते मधोमध ठेवलेले ताग्यांचे कपाट असते. कपाट संपते तिथे त्याला वाटते की कोपरा आला, तो वळतो, पुन्हा वळतो आणि त्याच कपाटाभोवती फिरत राहतो. आपण सरळ पुढे चाललो आहोत, अशी त्याची पक्की खात्री असते. यात त्याची हुशारी कमी पडते असे कोणी समजू नये. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले की डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसे सरळ चालण्याचा प्रयत्न करतात तेव्हा नकळत वर्तुळात फिरू लागतात, आणि ते वर्तुळ कधी कधी जेमतेम 20 मीटर व्यासाचे असते. तेही मोकळ्या जागेत, पाठीवर वजन नसताना आणि जिवाची भीती नसताना.

अशा वेळी खरा आधार होजचा असतो. आपल्याकडे 63 मिलिमीटरची डिलिव्हरी होज आणि तिला झटक्यात बसणारे नर-मादी जोड वापरतात. नर जोड मादी जोडात बसतो, आणि सोडवण्याचे दोन खटके मादी जोडावर असतात. ब्रँचकडून, म्हणजे पाण्याच्या तोंडाकडून, मागे सरकत आलात तर जोडाशी आधी गुळगुळीत नर भाग लागतो आणि त्यानंतर खटक्यांचा मादी भाग. ज्या बाजूला खटके, त्या बाजूला पंप, आणि पंप बाहेर असतो. डोळे मिटून, हातमोजे घालून हे खटके चाचपण्याचा सराव प्रत्येक जवानाकडून करून घ्यायला हवा, आणि तो एकदा करून भागत नाही. होजची आत वेटोळी पडलेली असतात, एकावर एक पडलेल्या दोन होज एकमेकींत गुंततात, आणि मग मागे सरकणारा माणूस चुकीच्या होजवर जाऊन पुन्हा आगीकडे निघतो.

होजवरून हात सुटला, तिथून पुढे सर्व दैवाच्या हवाली असते.

वास्तुविशारद_अलकापुरी :

साहेबांनी कपाटाभोवती फिरण्याचे जे वर्णन केले आहे, ते वाचून आमच्या व्यवसायाने यात किती भर घातली आहे ते लक्षात आले.

बडोद्यात दोन प्रकारच्या व्यापारी इमारतींचा विचार वेगवेगळा करायला हवा. मांडवी आणि मंगळबाजार परिसरातील जुनी दुकाने दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोल असतात, मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली असते आणि वर लाकडी पोटमाळ्यावर माल रचलेला असतो. इथे आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट एकच, आणि धूर बाहेर जाण्याचीही वाट तीच. म्हणजे ज्या दारातून जवान शिरतो, त्याच दारातून धूर आणि उष्णता त्याच्या अंगावर येत असते.

दुसरा प्रकार नव्या बहुमजली संकुलांचा. मंजूर नकाशात दहा गाळे असतात. नंतर एकच व्यापारी त्यातले चार घेतो, मधल्या भिंती काढतो, आत प्लायवूडच्या आडव्यातिडव्या पार्टिशन घालतो आणि दर्शनी बाजू काचेने किंवा पत्र्याच्या तावदानांनी पूर्ण बंद करतो. वातानुकूलनासाठी खिडक्या कायमच्या बंद होतात. बाहेरून ती इमारत काचेची आणि उजेडाची दिसते, पण काचेच्या मागे जिप्समचे फलक असतात आणि अग्निशमनाच्या दृष्टीने तिला खिडकी उरलेली नसते. चार्ल्स्टनमध्ये छताच्या वर जी पोकळी होती, तशी पोकळी आपल्या प्रत्येक शोरूममध्ये फॉल्स सीलिंगच्या वर असते, आणि पार्टिशन बहुधा त्या सीलिंगपर्यंतच थांबते. खालून चार वेगळ्या खोल्या दिसतात, वरून ती एकच मोठी खोली असते. आग एका कोपऱ्यात असली तरी तापलेले वायू संपूर्ण मजल्यावर पसरलेले असतात, आणि छताजवळचे तापमान 600 अंश सेल्सियसच्या आसपास गेले की खोलीतील सगळ्या वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात.

तळघरांविषयी वेगळे लिहावे लागेल. मंजुरी वाहनतळाची, वापर गोदामाचा, हे गावभर दिसते. तळघरात उतरणारा जवान म्हणजे धुराड्याच्या तोंडातून खाली उतरणारा माणूस, कारण तापलेली हवा त्याच जिन्याने वर येत असते.

मंगळबाजारातील_दुकानदार :

सर्वांचे लेखन आदराने वाचले. तरीही आमची बाजू मांडणे आवश्यक वाटते, रागावू नये.

आमच्या गल्लीत बंब पोहोचायलाच अडचण येते, दुचाकी दोन्ही बाजूंना उभ्या असतात, आणि एरवीसुद्धा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. त्यानंतर जवान आले आणि त्यांनी बाहेरूनच पाणी मारले, तर आतील आग विझत नाही आणि वरून सगळा माल भिजून जातो. दिवाळीच्या आधी ज्याने कर्ज काढून माल भरला आहे, त्याचे एका रात्रीत होत्याचे नव्हते होते. अनेक लहान दुकानदारांचा विमा अपुरा असतो. सुरुवातीच्या दहा मिनिटांत दोन माणसे आत गेली असती तर आग त्या एका कोपऱ्यातच विझली असती, असे अनेकदा वाटते, आणि ते प्रत्येक वेळी चुकीचे असेल असेही नाही. जवानांनी आतच जाऊ नये, असे तुम्हा सर्वांचे म्हणणे आहे का?

दांडियाबाजारकर :

दुकानदारकाका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आडवळणाने उत्तर देणे योग्य ठरणार नाही. आत जाऊच नये, असे कोणी म्हणत नाही. आत माणूस अडकला असेल, तर जोखीम घ्यावी लागते आणि जवान ती घेतात. आग लहान असेल, ती कुठे आहे ते ठाऊक असेल आणि धूर अजून वरच असेल, तर आत जाऊन ती विझवणे हाच उत्तम मार्ग असतो. आग कुठे आहे हे माहीत नसताना, संपूर्ण बंद इमारतीच्या सगळ्या फटींतून धूर येत असताना आणि आत कोणी नाही हे कळलेले असताना मालासाठी आत जाण्याला माझा विरोध आहे.

टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याने 1979 ते 2001 या काळातील अशा 17 आगींचा अभ्यास केला. जवान आत वाट चुकल्यामुळे त्यांत 23 जण दगावले होते. त्याने इमारतींची विभागणी उंचीवरून किंवा वापरावरून केली नाही, तर दारे-खिडक्या किती आणि कुठे आहेत यावरून उघड्या आणि बंदिस्त अशी केली. घटनांचा क्रम जवळपास सारखाच आढळला. बंदिस्त इमारतीतून धूर निघताना दिसतो, पहिली तुकडी वेळ न दवडता आत शिरते, आतली स्थिती अचानक बिघडते, माणूस होजपासून वेगळा होतो आणि हरवतो. या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्या बाहेरच, दारापाशी घडतात, आणि म्हणून जवानाला वाचवण्याची खरी संधी तो आत जाण्यापूर्वीच असते.

हरवलेल्याला नंतर शोधून आणू, या भरवशावर राहता येत नाही. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात 14 मार्च 2001 रोजी एका सुपरमार्केटच्या आगीत एक जवान वाट चुकून दगावला. त्यानंतर तिथल्या दलाने मोठ्या व्यापारी इमारतींत सुटकेच्या तालमी वारंवार घेतल्या. एका जवानाला बाहेर काढण्यासाठी सुमारे 12 जण आणि सुमारे 21 मिनिटे लागतात, आणि सुटकेसाठी गेलेल्या पाचांपैकी एक स्वतःच अडचणीत येतो, असे त्यांना आढळले. वर साहेबांनी दिलेला 22 मिनिटांचा हिशेब या 21 मिनिटांशेजारी ठेवून पाहावा. आपल्याकडे पहिल्या दोन बंबांवर मिळून बारा माणसे तरी असतात का?

इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमधील ॲदरस्टन-ऑन-स्टाउर येथे 2 नोव्हेंबर 2007 रोजी भाजीपाला बांधण्याच्या गोदामातील आगीत चार जवान गेले. आतल्या कोणाची सुटका करायची होती, असेही तिथे नव्हते. काका, माल पुन्हा भरता येतो, हे म्हणणे माझ्यासारख्या नोकरदाराला सोपे आहे याची मला जाणीव आहे. तरीही मी ते म्हणतो.

एका_जवानाची_आई :

माझा मुलगा या सेवेत आहे. कुठल्या शहरात, ते लिहीत नाही.

दुकानदारभाऊंचे दुःख मला समजते. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. आग लागली की गर्दी जमते, मोबाइल वर होतात, आणि तुकडी दोन मिनिटे इमारतीभोवती फिरून पाहणी करू लागली की लोक ओरडू लागतात, की उभे काय राहिलात, आत का जात नाही, पगार कशाचा घेता. ते शब्द पंचविशीच्या मुलाच्या मनाला लागतात. तो शहाणपणाने थांबला असता, तो त्या ओरडण्यामुळे पाऊल पुढे टाकतो. ही पाहणी म्हणजे वेळकाढूपणा वाटतो, तो तसा नसतो, हे तुमच्यासारख्या जाणत्या लोकांनी बाजारात सांगितले तर लोक ऐकतील. आम्ही घरच्यांनी सांगून कोण ऐकणार?

साहेब, तुम्हाला एक विचारते. आत किती जण गेले, कोण गेले आणि त्यांची हवा किती उरली, याची नोंद बाहेर कोणी ठेवते का? मुलाला विचारले की तो "हो, असते" म्हणून विषय बदलतो.

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर :

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर टाळणार नाही.

पद्धत ठरलेली आहे. दारापाशी एक जण नोंदफलक घेऊन उभा राहतो. आत जाणाऱ्याचे नाव, सिलिंडरचा दाब आणि आत गेल्याची वेळ त्यावर लिहिली जाते, आणि त्यावरून शिट्टी कधी वाजेल याचा हिशेब मांडला जातो. त्या माणसाला दुसरे कुठलेही काम सांगायचे नसते. अडचण अशी की मनुष्यबळ अपुरे असले की पहिला बळी याच कामाचा जातो. होज ओढायला हात कमी पडतात आणि फलक बंबातच राहतो. मी स्वतः ज्या तुकड्यांबरोबर काम केले, त्यांत हे काम मनापासून पाळणारे अधिकारी होते आणि ते टाळणारेही होते. आपल्या मुलाला विषय बदलू देऊ नका. त्याला इतकेच विचारा, की मागच्या वेळी फलकावर कोण उभे होते. आईने विचारलेला प्रश्न पोरे स्टेशनवर जाऊन सांगतात, हे मी पाहिले आहे.

आणखी दोन साधने सांगतो. एक म्हणजे अंगावरचा हालचाल-इशारा. जवान साधारण अर्धा मिनिट निश्चल राहिला की तो कर्कश आवाजात वाजू लागतो आणि शोधणाऱ्यांना दिशा मिळते. दुसरे म्हणजे मार्गदर्शक दोर. मोठ्या गोदामात होज न नेता शोध घ्यायचा असेल, तेव्हा दारापाशी बांधलेला दोर सोडत आत जातात आणि दोरावरच्या खुणा चाचपून बाहेरची दिशा ओळखतात. उष्णता दाखवणारा कॅमेराही आता अनेक दलांकडे आला आहे आणि तो फार उपयोगी आहे. मात्र काचेपलीकडचे त्यात दिसत नाही, बॅटरी संपते, आणि कॅमेऱ्याच्या भरवशावर मुले होज सोडून पुढे जातात, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

लिफ्टविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. कोलकात्यात स्ट्रँड रोडवरील रेल्वेच्या बहुमजली कार्यालयाच्या इमारतीला 8 मार्च 2021 रोजी आग लागली, तेव्हा नऊ जण दगावले आणि त्यांत चार अग्निशमन जवान होते. त्यांपैकी अनेक जण लिफ्टमध्ये सापडले. आगीच्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडले की समोर धुराची भिंत असते आणि मागे जायला वाट नसते. मुंबईत काळबादेवीला 9 मे 2015 रोजी लागलेल्या आगीत इमारत कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले, त्याचे कारण वेगळे होते. तिथे वाट चुकली नव्हती. पण वरिष्ठ अधिकारीही आतल्या धोक्यापासून दूर नसतात, हे आपल्या लोकांना ठाऊक असावे म्हणून उल्लेख केला.

मंगळबाजारातील_दुकानदार :

ताई, तुमचे पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवले. गर्दीविषयी तुम्ही लिहिले आहे ते खरे आहे. आमच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत मी ते मांडीन.

मालाविषयीचे माझे म्हणणे मी पूर्णपणे सोडलेले नाही, पण आत कोणी नाही हे जवानांना नक्की कळले, तर त्यांचा अर्धा घोळ मिटेल, असे दिसते. आमच्याकडे कारागीर रात्री पोटमाळ्यावर झोपतात. रात्री आग लागली तर कोण आत आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते, मग जवानांना शोध घ्यावाच लागतो. हे आम्ही दुकानदार उद्यापासून सुधारू शकतो. आणखी काय करता येईल, ते वास्तुविशारद साहेबांनी सोप्या शब्दांत सांगावे. कायद्याची कलमे नकोत, ती आम्हाला एनओसीच्या वेळी पुष्कळ ऐकवली जातात.

वास्तुविशारद_अलकापुरी :

काका, कायदा म्हणजे 2013 चा गुजरातचा अग्निप्रतिबंध आणि जीवसुरक्षा अधिनियम. तो बाजूला ठेवून लिहितो. रात्री कोणी झोपत असेल तर आधी तेच बंद करावे. जमत नसेल तर कोण, कुठे झोपतो याची यादी चौकीदाराकडे असावी आणि बंब येताच ती त्याने अधिकाऱ्याच्या हातात द्यावी. वूस्टरची आग आठवावी. आत माणसे आहेत की नाहीत, या एका माहितीवर सहा जीव अवलंबून होते.

त्यानंतर शटर. रात्री शटर बाहेरून कुलूपबंद असते आणि ते कापण्यात मोलाची मिनिटे जातात. शिवाय अर्धवट वर गेलेले शटर उष्णतेने अडकते किंवा खाली येते. शटर उघडल्यावर त्याच्या खाली भक्कम टेकण लावून ते पक्के करणे हे जवानांचे काम आहे, पण रुळांत माल अडकणार नाही आणि शटर पूर्ण वर जाईल, एवढे दुकानदाराने पाहावे. मागच्या बाजूला दार असेल तर ते मालाच्या खोक्यांनी बुजवू नये. आत चुकलेल्या जवानाला दुसरे दार सापडणे आणि न सापडणे, यात त्याचे आयुष्य असते. गच्चीच्या दाराला कुलूप नको. जिन्याच्या माथ्यावर धूर जाण्यासाठी झडप असावी आणि ती खालून उघडता यावी. दुकानाच्या मध्यभागातील कपाटांच्या रांगा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ ठेवाव्यात; भूलभुलैया करून ग्राहकाला जास्त वेळ दुकानात फिरवत ठेवण्याची जी पद्धत आता रूढ झाली आहे, ती मला व्यक्तिशः अजिबात पसंत नाही.

स्प्रिंकलरविषयी, म्हणजे आग लागताच छतावरून आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांविषयी, वेगळी चर्चा होऊ शकेल, म्हणून इथे एवढेच लिहितो की चार्ल्स्टनच्या दुकानात ते नव्हते. ते असते आणि चालू असते, तर आग त्या अवस्थेला पोहोचण्याआधीच दबली असती, हा तिथल्या चौकशीचा रोख होता.

एका_जवानाची_आई :

साहेब, काल मुलाला विचारले. मागच्या दोन्ही वेळी फलकावर कोणी उभे नव्हते. तो म्हणाला की स्टेशन ऑफिसरांशी बोलेन.

दांडियाबाजारकर :

ताई, तुम्ही विचारलेत हे फार चांगले केलेत.

इतक्या चर्चेनंतर एक प्रत्यक्ष काम सुचवतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात पुष्पहार आणि प्रात्यक्षिके होतातच. त्याच वेळी मंगळबाजारातल्या एखाद्या संकुलाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या इमारतीचा आजचा, खराखुरा नकाशा जवळच्या अग्निशमन केंद्राला नेऊन द्यावा आणि तिथल्या जवानांना एकदा दिवसाउजेडी सगळी इमारत आतून फिरून दाखवावी. मंजूर नकाशा कचेरीत असतोच, पण त्यात पोटमाळा नसतो आणि नवीन पार्टिशनही नसते. ज्या जवानाने एकदा तो जिना चढून पाहिला आहे, त्याला धुरातही तो जिना वळतो कुठे हे आठवेल.

मंगळबाजारातील_दुकानदार :

आमच्या संकुलापुरते मी हे करवून घेतो. तळघरात गोदाम आहे, तेही दाखवू; त्यावरून दंड झाला तर होऊ दे. काही जण तयार नसतील, त्यांना समजावून सांगावे लागेल. नकाशा आम्ही हाताने काढला तर चालेल का, आणि त्यात नेमके काय दाखवायचे?

निवृत्त_स्टेशन_ऑफिसर :

हाताने काढलेला चालेल, मापे पावलांत मोजलेली असली तरी चालतील. जिने, दारे, शटर, वीज तोडण्याचे मुख्य बटण, गॅसचे सिलिंडर, पाण्याची टाकी, तळघराचा उतार आणि फॉल्स सीलिंग कुठे आहे, हे दाखवा. कपाटांच्या रांगा मात्र विसरू नका. प्रत्येक मजल्याचा वेगळा कागद करा आणि एक प्रत चौकीदाराच्या खोलीत दाराजवळ टांगून ठेवा. पार्टिशन बदलले की कागदही बदला.

वास्तुविशारद_अलकापुरी :

साहेबांच्या यादीत एक भर घालतो. आम्ही सवयीने उत्तर दिशा वर ठेवून नकाशा काढतो. हा नकाशा तसा काढू नये. ज्या दारातून जवान आत जाणार, ते दार कागदाच्या खालच्या बाजूला ठेवावे, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला जे येईल तेच कागदावरही डावीकडे येईल. दोन दारे असतील तर दोन कागद काढावेत. रविवारी सकाळी मी संकुलात येतो, काका. आपण तळघरापासून सुरुवात करू.